हवेत राहिलेलं विमान

आमच्या रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या घरी रविवारचं जेवण विमान उतरल्याशिवाय वाढलं जात नसे. हे आजही कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा नीट बघतो. बघू द्या. मधल्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनच्या शेजारी, दादाचा कॉम्प्युटर होता आणि त्यात विमान चालवायला शिकायचा प्रोग्राम होता. त्याला खेळ म्हटलेलं दादाला अजिबात खपत नसे. "गेम नहीं है, सिम्युलेटर है," असं तो दूधवाल्यालासुद्धा समजावून सांगायचा, आणि दूधवाला "हव भैया, हव" म्हणत कॅन उचलून निघून जायचा. पडद्यावर चार सीटांचं एक लहानसं विमान, त्याच्यापुढे काट्यांच्या गोल तबकड्या, आणि टेबलावर स्क्रूने घट्ट बसवलेला एक दांडा. आई त्याला दांडाच म्हणायची. धूळ झटकताना ती त्याला कधी हात लावायची नाही, भोवतीभोवती फडकं फिरवायची.

आई अमरावतीची. लग्न होऊन रायपूरला आली त्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण तिच्या बोलण्याला इथलं पाणी लागलं नव्हतं. बाबा रेल्वेत, गुढियारीच्या बाजूला मालधक्क्याच्या ऑफिसात होते. त्यांचं मराठी ऑफिसात अर्धं सांडून आलेलं असायचं. आणि दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ शेखर, त्याने तर मराठीत उत्तर देणं शाळेतच सोडलं होतं. आईने मराठीत बोलवायचं, त्याने हिंदीत उत्तर द्यायचं, दोघांचं उत्तम चालायचं. रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं हा बाबांचा नियम. पानं मांडली की आई ओरडायची, "शेखर, ये बापा आता." आतून उत्तर यायचं, "लैंड करके आता हूँ." मग आम्ही तिघं वाट बघत बसायचो. इंजिनाचा आवाज हळूहळू खाली यायचा, चाकं टेकल्याचा चीं आवाज यायचा, की आई भात वाढायला घ्यायची. उड्डाण लांबचं असलं तर तो विमान हवेत तसंच थांबवून, साठवून ठेवून यायचा. त्या फाइलला तो नेहमी एकच नाव द्यायचा, 'जेवण'. मागचं 'जेवण' पुसून त्यावर नवं.

त्याला खरा पायलट व्हायचं होतं. दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलची माहितीही त्याने आणली होती. आईने ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाली, ज्या कामावर असलेलं पोट्टं मला खाली उभं राहून दिसणार नाही, ते काम त्यानं करायचं नाही. बाबा काही बोलले नाहीत. बाबांचं न बोलणं आमच्या घरात आईच्या बाजूने मोजलं जायचं. दादाने मग विषयच काढायचा सोडला. रेल्वेच्या परीक्षेची पुस्तकं आणली, संध्याकाळी ती वाचायचा, आणि रविवारी मधल्या खोलीत उडायचा. आईला वाटलं, मिटलं. शेजारच्या चाचीला ती कौतुकाने सांगायची की घरातल्या घरात उडून राहिला आहे, उडू द्या, भुकेच्या वेळेला खाली येतेच. मला तेव्हा सतरावं लागलं होतं आणि माझं सगळं लक्ष माझ्या स्वतःच्या केसांकडे होतं, त्यामुळे मिटलं की नाही हे मी पाहिलंच नाही.

त्या रविवारी कढीगोळे होते. दही कमी पडलं. आईने दादाला हाक मारली, त्याने ऐकली नाही, पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ती मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते ठेव बाजूले. दही घेऊन ये पहिले." तो हसून उठला. "दही ही ना? लाता हूँ." विमान थांबवलं, बाबांची स्कूटर काढली आणि सदर बाजाराकडे गेला. वळणावर एका मेटाडोरने त्याला उडवलं. पुढचं मी लिहिणार नाही. लिहिता येत नाही म्हणून नव्हे. ते कोणाच्याही घरी जसं असतं तसंच होतं, आणि ज्यांच्या घरी झालं आहे त्यांना ते ठाऊक आहे.

आम्ही दवाखान्यातून परत आलो तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. आवाज नव्हता, कारण विमान थांबवलेलं होतं. पडद्यावर नुसतं आकाश, आणि समोर खाली, क्षितिजाला टेकलेला लालसर सूर्य. घर माणसांनी भरलं, नागपूरहून काका आले, अमरावतीहून मामा आला, मधल्या खोलीत सतरंज्या पडल्या, पण त्या पडद्याला कोणी हात लावला नाही. एका दुपारी लाइट गेली आणि तो आपोआप काळा झाला. लाइट परत आल्यावर मी कोणाला न सांगता मशीन सुरू केलं. 'जेवण' जागेवर होतं. उठण्याआधी त्याने सवयीने साठवून ठेवलं होतं. मी फाइल उघडली नाही. जाऊन आईला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे अजून वरच आहे ते?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "संध्याकाळची वेळ होती त्याच्यात. पाहिला ना सूर्य. घरी येऊन राहिला होता तो. दोन मिनिटं थांबली असती मी तर उतरला असता." त्यानंतर हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं त्याला गणती नाही. पोळ्या लाटताना म्हणायची, झाडू मारताना म्हणायची, कधी कधी समोर कोणी नसताना म्हणायची.

दहाव्याला महादेव घाटावर पिंड ठेवला आणि कावळा येईना. पिंपळावर बसले होते की चांगले, काळेभोर, गळे फुगवून आमच्याकडे बघत, पण खाली उतरायचं नाव नाही. काकांनी हात जोडून सांगितलं की वंदूचं, म्हणजे माझं, लग्न आम्ही थाटात करून देऊ. कावळा हलला नाही. मामाने सांगितलं ताईला अंतर देणार नाही. तरी नाही. मग कोणीतरी पुन्हा माझ्या लग्नावर आलं. मी वर पायऱ्यांवर उभी होते, न विचारता माझं लग्न दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा कावळ्यांना ते पसंत पडलं नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायची तयारी चालवली. तेव्हा बाबा पुढे झाले. ओलं धोतर पायाला चिकटलेलं. ऑफिसात फोनवर बोलायचे तशा मोठ्या आणि कोरड्या आवाजात ते पिंडाला म्हणाले, "शेखर, तुझं विमान वर राहिलं आहे बेटा. ते मी उतरवतो." आणि पिंपळावरून एक कावळा सरळ खाली आला. काकांनी डोळे पुसले. मामाने पुसले. मी पुसले नाहीत, मला भीती वाटली होती. आता या वयात कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास आहे का म्हणाल तर नाही. पण त्या घाटावर तुम्ही नव्हता.

शब्द बाबांनी दिला होता, म्हणून आधी बाबाच खुर्चीत बसले. त्यांच्या हाताला पेन आणि शिक्का याशिवाय दुसरी सवय नव्हती. धावपट्टीवरून विमान कसंबसं उठलं, एका अंगावर कललं, धोक्याची कर्कश पिपाणी वाजायला लागली आणि काच फुटल्याचा मोठा आवाज आला. स्वयंपाकघरात आईच्या हातून परात पडली. बाबा उठले आणि मला म्हणाले, "वंदू, तू शीक. वर्षश्राद्धाच्या आत झालं पाहिजे. आणि पूर्ण येत नाही तोवर त्या फाइलले हात लावायचा नाही. त्याचं विमान एकदाच उतरन." मला माहीत होतं की फाइल कितीदाही उघडता येते. आपटलं तर पुन्हा उघडा, पुन्हा आपटा, यंत्राला काय त्याचं? पण मी तसं म्हटलं नाही, आणि काही दिवसांनी मला स्वतःलाही तसं वाटेनासं झालं. एकदाच. बस.

मग आमची शिकवणी सुरू झाली. सकाळी कॉलेजच्या आधी आणि बाबा ऑफिसातून आल्यावर. प्रोग्रामबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक बाबा मांडीवर घेऊन बसायचे, शब्दकोश बाजूला, आणि रेल्वेच्या नियमावलीसारखं ते मोठ्याने वाचून मला समजवायचे. पहिल्या आठवड्यात मला एवढंच कळलं की आजवर मला जे वाटत होतं ते सगळं उलटं आहे. नाक वर केलं म्हणजे विमान वर जातं असं कोणालाही वाटतं. प्रत्यक्षात नाक वर करत गेलं की वेग मरतो, वेग मेला की पंख हवेला धरत नाहीत, पिपाणी वाजते आणि विमान दगडासारखं खाली येतं. अशा वेळी जीव सांगतो दांडा मागे ओढ, आणि करायचं असतं नेमकं उलटं, नाक खाली सोडायचं. पडत असताना आणखी खाली जायचं, हे माझ्या हाताला पटायला फार दिवस लागले. पिपाणी वाजली की आई दारातून म्हणायची, "रडवू नको ना त्याले."

बाबा पक्के मास्तर निघाले. एकेक तबकडी त्यांनी मला शिकवली, ही वेगाची, ही उंचीची, हा काटा चढतो आहे की उतरतो आहे ते सांगणारा, ही दिशेची. कुठल्याही उड्डाणाच्या सुरुवातीला दांड्याला हात लावण्याआधी सगळ्या तबकड्या वाचून दाखवायच्या असा त्यांचा दंडक होता. गार्डाने झेंडी दाखवण्याआधी गाडी मागून पुढून पाहायची, तसं. मी घाई केली की ते पडदा बंद करायचे आणि म्हणायचे, जा, चहा पिऊन ये. वैताग यायचा. बाबा इतकी वर्षं आमच्या घरात राहत होते, पण त्यांच्या शेजारी इतका वेळ मी कधी बसले नव्हते. एकदा त्यांनी वाचता वाचता विचारलं, "शेखरले हे सगळं येत होतं काय?" मी म्हटलं, सगळं. ते पुढचं पान उलटायचं विसरले.

त्या खोलीत बसायला मला कधी चांगलं वाटलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. खुर्ची त्याच्या उंचीची होती. दांड्यावर अंगठा टेकतो तिथे काळं प्लास्टिक घासून गुळगुळीत झालं होतं, आणि माझा अंगठा तिथे पुरायचा नाही. सगळी बटणं त्याने आपल्या सोयीने बदलून ठेवलेली, त्यामुळे मी पुस्तकात बघून एक दाबायचे आणि भलतंच काहीतरी व्हायचं. एका बटणावर त्याने मागे वळून बघायची सोय केली होती. चुकून ते दाबलं गेलं की समोरचं आकाश जाऊन एकदम मागच्या दोन सीटा दिसायच्या. रिकाम्या. पट्टे नीट लावलेले. मी घाईने पुन्हा समोर यायचे. शेजारच्या चाचीने एकदा गल्लीत मला थांबवून हळूच विचारलं होतं, "बेटी, भैया का कंप्यूटर अपने आप चलता है क्या?" भिंतीपलीकडे तिला तोच आवाज त्याच वेळेला ऐकू यायचा. मी चालवते म्हटल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं, पण ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच घाबरून घरात आले.

आई संध्याकाळी मेथी, कोथिंबीर, जे काय निवडायचं असेल ते घेऊन दारात येऊन बसायची. आत येत नसे. एक दिवस तिने विचारलं, "आत बसलेलं माणूस दिसते काय गं त्याच्यात?" मी म्हटलं नाही आई, आपण आतूनच बघतो ना, चालवणारा दिसत नाही. ती थोडा वेळ देठं खुडत राहिली. मग म्हणाली, "हो. आतून कसा दिसन तो." आज मी आईच्या त्या वयापेक्षा मोठी आहे, दोन मुलांना मोठं करून बसले आहे, तरी मेथी निवडताना ते वाक्य ऐकू येतं.

उतरवणं सगळ्यात शेवटी आलं. ते यायला लागलं तेव्हा थंडी येऊन गेली होती, उन्हाळाही अर्धा झाला होता. धावपट्टी लांबट दिसायला लागली म्हणजे आपण उंच आहोत, चपटी दिसली म्हणजे खाली. काचेतल्या ज्या जागेवर उतरायचं ती जागा वरही सरकता कामा नये आणि खालीही. एवढं जमलं की शेवटचा भाग, आणि तिथे मी रोज आपटायचे. मी विमान जमिनीवर ठेवायला बघायचे. बाबांनी पुस्तकातला तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला आणि एक दिवस म्हणाले, अगं, इथे ठेव म्हटलंच नाही आहे. इथे म्हटलं आहे की टेकू देऊ नको. जमिनीपासून हातभर वर आलं की दांडा हळूहळू मागे घेत त्याला वरच धरून ठेवायचं, टेकू द्यायचं नाही, नाही, अजून नाही, आणि त्याच्यात जीव उरला नाही की ते स्वतःच बसतं. त्या दिवशी पहिल्यांदा चाकांचा आवाज बरोबर आला. आईने स्वयंपाकघरातून तो ऐकला आणि हातातलं काम थांबवलं, हे मला भांड्यांच्या आवाजावरून कळलं. मग महिनाभर मी पडद्यावर, रायपूरच्या माना विमानतळावर दुसरी विमानं उतरवत राहिले. बाबा म्हणाले आता होईल.

वर्षश्राद्धाच्या आधीचा रविवार ठरला. सकाळी बाबांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. आईने देवापुढे दिवा लावला आणि वर्षभर आत न आलेली ती खोलीत आली, स्टूल ओढून माझ्या डाव्या हाताला, अगदी जवळ बसली. बाबा उजवीकडे, पुस्तक मांडीवर. मी 'जेवण' उघडलं. तेच आकाश आलं, तोच खाली टेकलेला सूर्य. विमान थांबलेलं होतं, सुरू करायला एक बटण दाबायचं. पण दंडक म्हणजे दंडक, मी आधी तबकड्या वाचायला घेतल्या. मनातल्या मनात. वेग. उंची. चढ-उताराचा काटा वर होता. इंजिन पूर्ण जोरात. उतरताना पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली सोडाव्या लागतात, त्या वर घेतलेल्या. दोन्ही टाक्या भरलेल्या. दिशा पूर्व.

मी पुन्हा वाचल्या. पूर्वेला मावळतीचा सूर्य नसतो. दादा नेहमी त्याच्यात सकाळ लावून उडायचा, हे मला तेव्हा आठवलं. मग मी मुद्दाम ते मागे बघायचं बटण दाबलं. दोन रिकाम्या सीटा, त्यांच्यामागे काच, आणि काचेत मानाची धावपट्टी बोटाएवढी लहान झालेली. तिच्याही पलीकडे आमच्या घराजवळच्या बुढा तालाबाचा निळा ठिपका, तो दादाने स्वतः हाताने नकाशात भरला होता. हे सगळं मागे पडत चाललं होतं. मी परत समोर आले आणि बाबांकडे पाहिलं. पुस्तकावर ठेवलेलं त्यांचं बोट थांबलं होतं. माझ्याइतक्याच तबकड्या त्यांनाही येत होत्या. आईला न दिसेल असं ते ओठातल्या ओठात म्हणाले, "वळव."

वळवता आलं असतं. डावीकडे मोठं वळण, उंची कमी, आणि समोर माना. आईला काहीच कळलं नसतं. तिचं पोट्टं तिच्या हाकेला घरी येत होतं, ते वर्षभर थांबलं आणि आता आलं, एवढंच तिला दिसलं असतं आणि तेवढ्यावर तिने उरलेले दिवस काढले असते. मी बटण दाबलं. इंजिनाचा आवाज खोलीत भरला. हात दांड्यावर होता आणि मी वळवत नव्हते. मला दादाचा भयंकर राग आला होता. निघालास तर निघालास, निदान मला सांगायचं.

"धावपट्टी दिसून नाही राहिली," आई म्हणाली.

बाबा घाईने म्हणाले की दिसेल, वळवून घेते आहे ती. आईने विचारलं, समोर नाही काय? वळवावं काहून लागते? ती माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं, हेही खरं आहे.

"मागे आहे आई," मी म्हणाले. "तो सूर्य सकाळचा आहे. दादा उतरत नव्हता. निघाला होता."

इंजिन चालूच होतं. आई हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे चालला होता तो. आणि मी त्याले दह्यासाठी उठवलं." बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने काढला नाही पण तिकडे लक्षही दिलं नाही. बाबा मला म्हणाले, वळव वंदू, उशीर होते. तेव्हा ती म्हणाली, "वळवू नको."

बाबा म्हणाले, मी शब्द दिला आहे, घाटावर, सगळ्यांसमोर.

"उतरवतो म्हटलं तुम्ही," आई म्हणाली. "घरी आणतो नाही म्हटलं. जाऊ दे त्याले, जिथं चालला होता तिथं."

मी म्हटलं कुठे चालला होता हे कुठेच लिहिलेलं नाही आई, नुसती दिशा आहे. तिने पडद्यावर बोट ठेवलं, सूर्याच्या जरासं बाजूला. सरळ, म्हणाली. सरळ घे.

मी सरळ घेतलं. वेळ पुढे पळवायची सोय त्या प्रोग्राममध्ये होती, ती मी वापरली नाही आणि कोणी वापर म्हणालंही नाही. पडद्यातला सूर्य वर चढत गेला. खाली हिरवट, तपकिरी, सपाट काहीतरी होतं, त्यावर गावं नव्हती, कारण त्या प्रोग्रामला आमच्याकडची गावं माहीतच नव्हती. आई मात्र विचारत राहिली, हे काय असन, ते काय असन, आणि बाबा नकाशावरून अंदाजाने नावं सांगत राहिले. महानदीची रेघ आली, गेली. गल्लीत स्कूटरचे भोंगे वाजत होते, कोणीतरी दार ठोठावलं, आम्ही उठलो नाही. माझे हात अडकलेले म्हणून आईने चहाचा कप माझ्या तोंडाला लावला. मध्येच बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मग तो कावळा काहून आला?" आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "भूक लागली असन त्याले." आणि आम्ही तिघंही हसलो, वर्षभरात पहिल्यांदा. नंतर बाबा रडले. मी रडू शकत नव्हते, मला काटे दिसायला हवे होते.

दुपार झाली तेव्हा पडद्याच्या टोकाला रंग बदलला. आईने विचारलं हे काय, आणि मी म्हटलं समुद्र. तिने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं, नुसती निळी पाटी. ती पुढे झुकून बघत राहिली. नकाशावर किनाऱ्याजवळ एक धावपट्टी सापडली, नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं. मी नाक तिकडे लावलं, इंजिन कमी केलं, पट्ट्या सोडल्या. बाबा एकेक काटा मोठ्याने वाचत होते. धावपट्टी जवळ आली, काचेतली जागा हलेना, मग जमीन हातभर राहिली आणि मी दांडा मागे घ्यायला लागले. टेकू द्यायचं नव्हतं. खरंच द्यायचं नव्हतं. माझा हात मागे मागे येत पोटाला लागला, आणि विमान एकदा टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि बसलं.

ते धावत धावत कडेला जाऊन थांबलं. मी इंजिन बंद केलं. पंखा दोन-चार वेळा अडखळला आणि थांबला. समोर समुद्राची निळी रेघ आणि कोणी नाही. बाबांनी पुस्तक मिटून छातीशी धरलं. मला वाटलं आता आई रडेल, आणि ती रडली तर मी काय करायचं हे मला माहीत नव्हतं. पण ती पडद्यावर अगदी जवळून काहीतरी शोधत होती.

"याचं दार उघडते काय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, उघडतं. त्यासाठी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, तोवर मी ती कधी दाबली नव्हती.

"उघड मग."

मी दाबली. दार सरकल्याचा आवाज आला, आणि बाहेरचा वारा खोलीत ऐकू यायला लागला. आईने आपलं स्टूल मागे सरकवलं, पदर आवरून धरला आणि पाय जवळ घेतले, शेजारून कोणी उठून जाताना आपण घेतो तसे.